मी विझवलेली आग

माझं डोकं लवकर फिरतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी जेवायला बसलो की नातवंडं टीव्हीचा आवाज आपणहून कमी करतात. पण हात मी पुन्हा कोणावर उचलला नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्या एका एप्रिलनंतर नाही. का ते मी बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

तेव्हा मी जंगलात गार्ड होतो, नोकरी पक्की व्हायची होती. गाव नागभीडकडचं, घर दुसऱ्याच्या धानात राबणाऱ्यांचं. आमच्या मोहल्ल्यात खाकी घालणारा मी पहिला. नेमणूक झाली ती आलापल्लीच्याही पुढे, एका लांब डोंगराच्या धारेवर. आदल्या उन्हाळ्यात ती धार जळली होती आणि आधीचा गार्ड घरी गेला होता. वरिष्ठांनी मला एवढंच सांगितलं, "धार जळली तर तूही घरी." झालं. जेवताना धार, झोपेत धार, माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही.

त्या दिवशी पहाटेच आम्ही दोघं निघालो. मी आणि आगीवर नजर ठेवायला हंगामापुरता लावलेला एक म्हातारा गोंड. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर धार चालायची आणि जाळरेषा बघायची. म्हणजे पालापाचोळा काढून साफ ठेवलेला पट्टा, आग आली तर तिथं अडावी म्हणून. फेब्रुवारीत आम्ही तो झाडून काढला होता. एप्रिलपर्यंत सागानं वरून पुन्हा पानं टाकली, पाय पडला की पापडासारखी मोडणारी. दहालाच दगड तापले. बुटानं टाच सोलली. तुंब्यातलं पाणी बहुतेक मीच संपवलं.

"हळू चाला बाबू, धार कुठी पळून नाई राह्यली," म्हातारा म्हणाला.

मला त्याचाही राग आला. त्याला मागे टाकून मी पुढे निघालो.

मोहाचे दिवस होते. गळलेली फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाला आधी जाळून घेतात. त्यातली एखादी आग हातची सुटते आणि डोंगर चढते, हे दरवर्षीचंच. त्यामुळे धुराचा वास आला आणि वळणापलीकडे एक माणूस जाळरेषेच्या कडेला वाकून जळत्या फांदीनं पाचोळा पेटवताना दिसला, तेव्हा मला काही विचारावंसंच वाटलं नाही.

धावत जाऊन मी त्याच्या पाठीत काठी घातली. तो पडला, उठला. माझ्याच वयाचा असेल. त्याच्या हातातली फांदी मी लाथेनं उडवली. तो गोंडीत भराभर काही बोलत होता आणि हात लांब करून खाली, उताराकडे दाखवत होता. मला वाटलं, माझी नजर तिकडे वळवून हा पळणार. मी त्या दाखवणाऱ्या हातावरच काठी हाणली. मनगट मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तरी आणखी दोन हाणल्या. शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. मग हिरवी डहाळी तोडून त्यानं पेटवलेली सगळी ओळ झोडपून काढली, बुटानं तुडवली. शेवटचा निखारा विझला तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. धार वाचली, नोकरी वाचली.

म्हातारा धापा टाकत आला. तो आधी त्या माणसाशी गोंडीत बोलला, मग कडेला जाऊन खाली पाहून आला.

"बाबू, हे काऊन विझवलं?"

"काऊन म्हणजे? आग लावून राह्यला होता ना हा."

"आग तं खालून येऊन राह्यली. हा वरून जाळत होता, तिले वर खायले काही भेटू नये म्हणून. याचे मोह आहेत मांगच्या उतारावर."

मी कडेला गेलो. अर्धा उतार धुरात होता. धुराखालून आग चढत होती आणि बांबूची पेरं बंदुकीसारखी फुटत होती. मी काडेपेटी काढली. तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली, पण आता वारं वर वाहत होतं आणि मी लावलेला जाळ माझ्याच अंगावर आला. पाचावर धारण बसली. तो मार खाल्लेला माणूसच ओरडून पुढे पळाला, त्याच्यामागे म्हातारा, त्याच्यामागे मी. एका उघड्या खडकावर आम्ही तिघं पालथे पडलो.

आग धारेवर आली ती थांबलीच नाही. जाळरेषेवरची सागाची पानं तिनं एका दमात खाल्ली. एक ससा पेटलेल्या अंगानं आमच्या समोरून गेला, पलीकडच्या पाचोळ्यात शिरला आणि तिथूनही जाळ निघाला. माझ्या भुवया जळाल्या. थोड्या वेळानं मागच्या उतारावरचे मोह पेटले. त्या माणसाच्या घरचं पावसाळ्यातलं खाणं म्हणजे ती फुलं. मनगट छातीशी धरून तो तिकडे बघत राहिला. आणि मी, त्याच्या शेजारी पडून, माझी नोकरी गेली याचा विचार करत होतो.

संध्याकाळी त्या माणसाला घेऊन आम्ही खाली नाक्यावर उतरलो, तिथं वरिष्ठ आले. मी सांगितलं, धारेवर हा माणूस जळती फांदी घेऊन सापडला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हाताऱ्याला साक्षीदार केलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर अंगठा उठवला.

"याचा हात कसा मोडला?" वरिष्ठांनी विचारलं.

"पळताना पडला," मी म्हणालो.

वरिष्ठ त्याच्याकडे वळले. "काय रे, पडला?"

त्याला मराठी येत नाही असं मी दिवसभर धरून चाललो होतो. तो माझ्या हातातल्या काठीकडे बघत होता.

"हो साहेब," तो म्हणाला. "पडलो."

वरिष्ठांनी तसं लिहून घेतलं. माझी नोकरी राहिली.