धोंडाबाईचं सारवण

सोमाटण्याच्या धोंडाबाईकडे पाच मांजरं होती, पण तिच्यासमोर ‘मांजर’ हा शब्द जपून वापरावा लागे. “मांजरं तुमच्याकडं,” ती ठसक्यात म्हणायची. “माझ्याकडं बाजी हाय, चांदी हाय, रंगू हाय, ठकी हाय, भुरी हाय.” एखाद्या पाहुण्याने बाजीकडे बोट दाखवून ‘ते काळं’ म्हटलं, तर त्याला गूळपाणी मिळायचं, पण नंतर बाई त्याच्याशी धड बोलायची नाही.

हे लाड नव्हेत, असं तिचं म्हणणं. भाताचं घर होतं. आंबेमोहोर झोडून झाला की कणग्या गळ्यापर्यंत भरायच्या, आणि भातामागोमाग उंदीर यायचे. बैल शेतात राबतात, नवरा शेतात राबतो, घरातल्या दाण्याची राखण करायची कुणी? मग राखणदाराला पोटभर खायला नको का? भिमाजी, म्हणजे तिचा नवरा, यावर काही बोलत नसे. लग्नाला तीस वर्षं झाली होती, दोन्ही पोरी नांदायला गेल्या होत्या, आणि बायकोशी वाद घालून काही हाती लागत नाही हे त्याला एवढ्या काळात पुरतं कळलं होतं. मांजरांचा मला वीट आलाय असं तो चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच्या ताटातला सुकटीचा चुरा गुपचूप बाजीपुढे सारायचा.

मांजरांचं धोंडाबाईला खरंच कळत होतं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. पाच खापऱ्या पाच ठिकाणी मांडायच्या, बाजीची सगळ्यांत लांब आणि तोंड भिंतीकडे, कारण तो स्वतःचं आधी संपवून दुसऱ्याच्यावर धाड घालायचा. चांदी कणग्या ओरबाडायची, तर तिला न मारता मेढीच्या खांबाला जुनं गोणपाट गुंडाळून दिलं. दोन दिवसांत तिने कणग्यांचा नाद सोडला. पिल्लांना मागल्या दारी फुटक्या पाटीत चुलीची राख. जंत झाले तर तुपात वावडिंग, खरूज झाली तर करंजाचं तेल. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय ती कुणाला देत नसे, आणि देताना नेणाऱ्या बाईकडून कबूल करून घ्यायची, की आठ दिवस कोंडून आपल्या हाताने खाऊ घालीन आणि केरसुणी उगारणार नाही. तळेगावापासून बायका तिच्याकडे पिल्लू मागायला यायच्या आणि पोरीला मागणी घालायला आल्यासारख्या अवघडून ओटीवर बसायच्या.

एकच खोड होती. धोंडाबाईच्या हातून चूक होत नसे. भात करपला तर लाकडं ओली असायची, दूध नासलं तर गवळ्याचा हात वाईट असायचा. उभ्या गावाला हे ठाऊक होतं, आणि गावाने ते पाऊस किंवा धुकं चालवून घ्यावं तसं चालवून घेतलं होतं.

साहेबाची तिकडे मोठी लढाई चालू होती, त्या साली दिवाळीच्या तोंडावर प्लेगच्या बातम्या येऊ लागल्या. खालच्या अंगाला दोन गावांत आधी उंदीर मरून पडले होते आणि मग माणसं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली होती. सोमाटण्यात अजून काही नव्हतं, पण जो तो सकाळी उठून आधी आपल्या घरात मेलेला उंदीर शोधायचा. भात खळ्यावर पडलेलं. आता गाव उठलं तर ते भात झोडणार कोण आणि राखणार कोण?

भिमाजीचा धाकटा भाऊ गेणू लोणावळ्याच्या तुंगार्लीत एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. तो दिवाळीला आला तो फिनेलची मोठी बाटली घेऊन. आतलं काळं, तेलकट. पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं.

“वैनी, बंगल्यात ह्येनंच रोज फरशी पुसत्यात,” गेणू म्हणाला. “बादलीभर पाण्याला झाकणभर टाकायचं. रोग उंबऱ्याच्या आत येत न्हाई.”

“झाकणभरानं काय व्हतंय?” धोंडाबाई म्हणाली. “तुज्या शेटची फरशी गुळगुळीत. हितं माती हाय, माती पिते.”

तिचं हे बोलणं कुणालाही पटावं असंच होतं. गेणू लोणावळ्याला परत गेला आणि धोंडाबाईने शेणाच्या सारवणात पाव बाटली ओतली. ओटी, माजघर, चूलखण, सगळं झाडून सारवलं. सारवलेली जमीन फिनेलसकट सुकली आणि घरभर तो वास भरून राहिला. शेजारणी दारातूनच नाक मुरडून, तरी कौतुकाने बघून गेल्या. आता येऊ दे पिलेग, असं बाईच्या तोंडावर होतं.

तिसऱ्या दिवशी रंगूच्या तोंडातून लाळ गळायला लागली.

पुढच्या सकाळी चांदी चालताना मागून झोकांड्या खाऊ लागली. ठकीला, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत लाडक्या ठकीला, कापरं भरलं. बाजीने अन्नाला तोंड लावलं नाही. ज्याने जन्मात कधी घरात घाण केली नव्हती त्या बाजीने चक्क सुपात मुतून ठेवलं, आणि हाक मारली तरी उंबरा ओलांडून आत येईना. धोंडाबाईने ठरवूनच टाकलं: रोग घरात शिरला होता. तिने प्रत्येकाला तूप-हळद चाटवली, मऊ भात भरवून पाहिला, आणि रोगाला हटवायचं म्हणून सारवणात पुन्हा फिनेल ओतलं. या वेळी अर्धी बाटली.

मांजरं आणखी आडवी झाली.

असल्या गोष्टी झाकून राहतात होय? दुपारपर्यंत गावभर झालं, की धोंडाबाईची मांजरं पिलेगच्या उंदरांना तोंड लावून बसलीत. रखमाजी पाटील दोन माणसं घेऊन अंगणात आला. माणूस वाईट नव्हता. नात्याने दीर लागायचा, तिच्याच एका बोक्याने त्याच्या घरचा दाणा दोन वर्षं राखला होता. पण शंभर घरांचा विचार त्याला करायचा होता.

“वैनी, उद्या दिवस मावळायच्या आत ही मांजरं पवनेच्या डोहात गेली पायजेत,” तो खाली बघत म्हणाला. “न्हाईतर मला गाव उठवावं लागंल. खळ्यावर भात हाय, तुमीच सांगा.”

धोंडाबाईने वाद न घालता ठकीला उचलून मांडीवर घेतलं. असं कधी झालं नव्हतं, म्हणून पाटीलच जास्त घाबरला आणि लगबगीने निघून गेला.

सकाळी भिमाजीने पोतं काढून ओटीवर ठेवलं आणि स्वतः गोठ्यात जाऊन बसला. हे काम आपल्याच्याने व्हायचं नाही, हे त्याने असं सांगितलं. धोंडाबाईने ठकीला पदरात घेतलं. एवढासा जीव, थरथरत होता, डोळे अर्धवट मिटलेले. तिला आधी पोत्यात घालायचं बाईच्याने होईना. मग तिला आठवलं, की अजून भुरीला खाली आणायचंय. भुरी बारा दिवसांपूर्वी माळ्यावर व्याली होती आणि तीन पिल्लं घेऊन पेंढ्यात पडून होती. कौलाच्या फटीतून बाहेर जायची, तिथूनच परत यायची. खाली उतरतच नव्हती. खापरी धोंडाबाईच वर नेऊन द्यायची. पाटलाचा हुकूम सगळ्यांसाठी होता. बाई रडत रडत, ठकीला पदरात घेऊनच, शिडी चढली.

माळ्यावर भुरी उंदीर खात होती.

चांगला हातभर लांब शेपटीचा उंदीर. भुरीच्या अंगावर तुकतुकी, पोट भरलेलं, पिल्लं गुबगुबीत. धोंडाबाई पाहतच राहिली. घरातले सगळे उंदीर माळ्यावर. ते खाणारी भुरी. रोग उंदरांकडून आला असता, तर आधी कुणाला झाला असता?

तेवढ्यात भुरी उठून आली आणि तिने पदरातल्या ठकीचे पंजे हुंगले. हुंगले आणि एकदम मागे सरून शिंकली. धोंडाबाईने पंजा स्वतःच्या नाकाशी धरला. खाली घरभर त्याच वासात राहून तिचं नाक मेलं होतं; इथे पेंढ्याच्या वासात तो दर्प तिला सपकन लागला. फिनेल. पंजाची गादी लालबुंद, सोलवटल्यासारखी. मांजर दिवसभर काय करतं? अंग चाटतं, पंजे चाटतं. पावलं ठेवायची धोंडाबाईच्या सारवणावर, आणि तीच पावलं चाटायची.

“अवं!” ती माळ्यावरून अशी ओरडली की भिमाजी गोठ्यातून धावत आला. “पिलेग न्हाई! म्याच इख घातलंय! माज्या हातानं घातलंय!”

भिमाजीने तीस वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. पण दोन घटकांत तो बाह्या सारून कोमट पाणी ओतत होता आणि ती डाळीचं पीठ लावून एकेकाचे पंजे, पोट, मिशा धूत होती. बाजीने त्याच्या मनगटावर चार ओरखडे काढले. एवढी ताकद आहे म्हणजे जगतोय, म्हणून भिमाजी हसत सुटला. धुऊन पुसून मांजरं गोठ्यातल्या कोरड्या पेंढ्यावर ठेवली. मग दोघांनी मिळून फावड्याने घरातली वरची माती खरवडून बाहेर काढली.

हात न धुताच धोंडाबाई चावडीवर गेली. तिथे सात-आठ माणसं बसली होती. तिने काही आडपडदा ठेवला नाही. फिनेल किती घातलं, गेणूने काय सांगितलं होतं आणि आपण ते कसं ऐकलं नाही, सगळं सांगितलं. पाटील ऐकत होता, पण त्याला धीर होईना. मांजरं वाचवायला बाई काहीही बोलेल.

“मग माळ्यावर चला,” ती म्हणाली. “डोळ्यानं बघा.”

रखमाजी पाटील अंगाने भरलेला. शिडी कुरकुरली, भिमाजीने खालून धरली. पाटलाचं डोकं माळ्यावर गेलं आणि एक उंदीर त्याच्या नाकासमोरून तुरुतुरु पळत पेंढ्यात गेला. त्याच्यामागून दुसरा.

“जित्तं हायेत!” पाटील वरून ओरडला. “भिमाजीदादा, लय दांडगं उंदीर हायेत तुमच्याकडं! लय चांगलं उंदीर हायेत!”

घरातल्या उंदरांची अशी तारीफ सोमाटण्यात त्याआधी कुणी केली नव्हती. अंगणात जमलेली माणसं हसायला लागली, आणि हसता हसता एक म्हातारी रडायला लागली, कारण तिने सकाळीच भांडीकुंडी बांधून ठेवली होती. दिवस मावळायच्या सुमाराला चांदी पेज प्यायली. रंगू उठून दोन पावलं चालला. पोतं भिमाजीने उचलून पुन्हा भाताला लावलं.

ठकीने मात्र दोन दिवस जीव टांगणीला लावला. धोंडाबाई गोठ्यातच बसून राहिली, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पेज पाजत. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकीने मान वर केली, बोळा दातात धरून ओढला, आणि आणखी हवं म्हणून खच्चून ओरडली. बाईने तिला छातीशी धरलं आणि मोठ्याने, अगदी गळा काढून, रडून घेतलं. एवढं हलकं तिला पोरींची बाळंतपणं सुखरूप पार पडली तेव्हाच वाटलं होतं.

गावावरचं सावट उतरलं. भात झोडून झालं, घरोघर गेलं. पाटील एक दिवस मुद्दाम ओटीवर येऊन बसला. मनात होतं ते त्याला विचारायचंच होतं.

“वैनी, एक इचारू? तुमी कधी चुकला म्हणून आमी ऐकलं न्हाई. त्या दिशी चावडीवर उभ्या गावासमोर बोलला. लाज न्हाई वाटली?”

धोंडाबाई ठकीच्या पंजाला खोबरेल लावत होती. तिने वर पाहिलं.

“लाज कसली, पाटील? माळ्यावर ठकीचा पंजा हुंगला तवा म्या देवाला म्हणत व्हते, ही चूक माजी निघू दे. पिलेगची असती, देवाची असती, तर माज्या हातात काय व्हतं? निसतं पोतं. माजी व्हती, म्हणून मला धुता आली.”

पाटील गूळपाणी पिऊन उठला. ती पुन्हा ठकीचा दुसरा पंजा हातात घेऊन बसली.