कासिमची कागदावरची लेक

तोराब मियाची जमीन बांगलादेशाची, पण चहूबाजूंनी भारत. स्वतःचा देश तीन कोसांवर, कुंपणापलीकडे. अशा तुटक्या तुकड्याला तिथे छिट म्हणतात. छिटात शाळा नव्हती, की कुणी नाव विचारायला येत नव्हतं. म्हणून रोशनारा पाच वर्षांची झाली तेव्हा तोराबने सगळे करत तेच केलं. भारतातल्या शाळेत तिला घालताना बापाच्या जागी बांधापलीकडच्या, भारतातल्या कासिमचं नाव लावलं.

"बायकोला कळा नाहीत आणि मला आयती लेक!" कासिम बाजारभर सांगत सुटला.

रोशनारा दहावीला गेली त्या पावसाळ्यात दोन्ही देशांची माणसं मिळून छिटातली डोकी मोजायला आली. तोराब अंगणात कुजवलेला ताग सोलत होता. हात कोपरापर्यंत काळे.

"चाचा, दोन सरकारं दारात आलीत. निदान सुपारी तरी द्या," एकजण हसला.

तोराबने बायकोकडून पान मागवलं.

"घरात माणसं किती?"

"मी आणि बायको."

"आणि ही?" तागाच्या काड्या वाळत घालणाऱ्या रोशनाराकडे त्याने बोट केलं.

खरं सांगितलं तर शाळेतलं नाव खोटं ठरेल, परीक्षेआधीच पोरीला हाकलतील, एवढंच तोराबच्या डोक्यात आलं. "ती होय? कासिमची. कामाला येते."

माणसं पुढच्या घराकडे वळली.

दिवस कलायच्या आत बातमी ऐकून कासिम धापा टाकत आला. "येड्या, काय केलंस? कोण कुठल्या देशाचं ते त्या यादीवरूनच ठरणार. तीत नाव नसेल तर ती तुझी कुणी नाही. मेल्यावरसुद्धा माझीच राहील! ऊठ, गाठ त्यांना."

तोराब तसाच उठला. रोशनारा आडवी आली.

"बसा, अब्बा. मला दहावीची परीक्षा द्यायचीय. बरोबरच बोललात तुम्ही."

"पोरी, मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे." तिने काड्यांची मोळी उचलली. "फक्त जरा अडखळला असतात, तर बरं वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेला गेल्यावर तोराब बांधापर्यंत गेला. मोजणारे शेवटच्या वस्तीवर होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने काळे हात बांधावरच्या गवताला पुसले. मग हाक न मारताच ताग सोलायला परतला.