गप्प बसायचा तास

उदगीरहून ट्रॅव्हल्स सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी राहून माझ्याशी भांडत होती. माझा हातही सोडत नव्हती आणि भांडणही. "वकिली शिकवायची म्हणतीस, मग पोरं घेऊन खेड्यापाड्यानं कशाला हिंडायचं? एक वर्ष बघ. न्हाई जमलं तर गुमान माघारी ये आन् मामाच्या हाफिसात बस." मी हो म्हणाले. मामाची वकिली उत्तम चालते, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मला तिथं बसायचं नव्हतं. गाडी सुटली तेव्हा रडू यायच्या ऐवजी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हे आईला अजून सांगितलेलं नाही, आता गावच्या या अंकात वाचेल.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, "तिकडं नेमकं करतीस काय?" आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारता, "पॅकेज किती?" दुसरा प्रश्न मी हसून टाळते. पहिल्याचं उत्तर असं, की लवळ्याच्या टेकडीवर एका लॉ कॉलेजात मी कायद्याचं क्लिनिक चालवते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं विद्यार्थ्यांनी माझ्या देखरेखीखाली करायची, आणि करता करता लोकांसाठीची वकिली शिकायची. मला नेमलं होतं एका वर्षासाठी. त्यात काही करून दाखवलं तर क्लिनिक चालू राहणार, नाहीतर मामाचं ऑफिस होतंच.

उदगीरला माझं नाव सांगायच्या आधी लोक वडिलांचं नाव घेतात. इथं खोली शोधताना नाव कुणी विचारलंच नाही, धंदा विचारला. जवळच्या माण गावात एका काकींनी वरच्या मजल्यावरची खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, आणि मी वकील आहे म्हटल्यावर नळ बंद केला. "वकिलाला खोली न्हाई द्यायची बाई. एकदा शिरला की निघत न्हाई." मी म्हटलं, काकी, मी वकील कुठली, वकिलांची मास्तरीण. "मग तर लईच अवघड हाय!" तरी दिली खोली. आता त्यांच्याकडे भाकरी खाल्ल्याशिवाय माझी स्कूटी गेटबाहेर पडत नाही.

आणि माझी पोरं! दिल्लीची, इंदूरची, कोल्हापूरची. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजच्या खोट्या कोर्टात, ढाली जिंकलेली. सगळ्यांत पुढे लखनौचा इशान. त्याला बोलताना थांबवायचं तर माइकची वायर उपटावी लागते. मुठ्याजवळच्या एका वस्तीवरच्या हिराबाई पहिल्या पक्षकार म्हणून मिळाल्या. वस्तीतून डांबरी सडकेकडे जाणारा जुना रस्ता एका फार्महाऊसवाल्याने तारेचं कुंपण घालून अडवला होता. डेअरीला दूध घालायला डोंगराकडून वळसा पडायचा, आणि तोवर उन्हात दूध नासायचं. पोरांनी हिराबाईंना गोल घेरून असा प्रश्नांचा भडिमार केला की त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, ही पोरं पोलिसातली हायेत का?"

त्या दिवशी मी ठरवलं, या वर्षी एकच विषय शिकवायचा: गप्प बसणं. प्रश्न विचारायचे नाहीत, चहा घ्यायचा, ऐकायचं. मग पक्षकाराबरोबर तिच्या वाटेने चालायचं, आणि तिच्या हातातला दुधाचा कॅन आपल्या हातात घ्यायचा. इशान वळसा घालून आला तेव्हा त्याच्या तळहाताला फोड आले होते. रस्ता मोकळा करून मागणारा अर्ज हिराबाईंच्याच नावाने तहसीलदारांकडे गेला, आणि तहसीलदारांसमोर बोलायचंही हिराबाईंनीच, हे मी पोरांना बजावून ठेवलं.

स्थळपाहणीला तहसीलदार आले. समोरच्या पार्टीचे वकील आधी बोलले, आणि बोलले तेही झोकात: इथे रस्ता कधी नव्हताच. इशान एक पाऊल पुढे सरकला. माझा जीव टांगणीला. हा आता निवाडे म्हणून दाखवणार, वकील चिडणार, हिराबाई पदर तोंडाला लावून मागे सरकणार, आणि वर्षभराचं सगळं पाण्यात! इशानने तोंड उघडलं. आणि मिटलं. एक पाऊल मागे येऊन हिराबाईंजवळ उभा राहिला. "मावशी, आप बोलो."

हिराबाई पुढे झाल्या. "सायेब, रस्ता नव्हता तर मी लगीन होऊन हितं आले ती काय उडत आले? माझी बैलगाडी ह्याच वाटंनं आली. ह्या समद्या बाया हितनंच नांदाया आल्यात. इचारा की एकेकीला." तहसीलदारांनी खरंच एकेकीला विचारलं. बाया बोलायला लागल्या त्या थांबेनात. शेजारच्या रानवाल्यांनीही, व्हय, रस्ता हाय, असा जबाब दिला.

रस्ता मोकळा करा, असा निकाल आला त्या दिवशी कँटीनमध्ये पोरांनी टेबलं बडवली. मी मास्तरीण असून सगळ्यांत जोरात बडवलं. कुंपण निघालं, कॅन सरळ वाटेने सडकेला लागले, आणि क्लिनिक चालू ठेवायचं ठरून पुढच्या वर्षासाठी विद्यार्थ्यांची यादी लावली तर त्यात नावं मावेनात.

आता आईला सांगायचं होतं, की मी माघारी येत नाही. धीर गोळा करून फोन केला, रस्त्याची सगळी गोष्ट सांगितली, आणि मामाच्या ऑफिसपाशी येऊन अडखळले. मग आई म्हणाली, "त्या पोरास्नी घेऊन ये सुट्टीत. आपल्याकडच्या तांड्याचीबी वाट अडवलीय. मी सांगून बसले, माझी लेक येऊलालीय म्हणून. लोक ओट्यावर बसलेत बघ, काय सांगू?"

मी म्हटलं, चहा दे, आलोच.

या सुट्टीत आम्ही सगळे निघतोय. इशान मराठीची घोकंपट्टी करतोय, काकींनी शिदोरीला धपाटी करून द्यायचं कबूल केलंय. घर म्हणजे जिथून मी एकदा निघाले ती जागा, असं मी वर्षभर धरून चालले होते. आता घर म्हटलं की डोळ्यांपुढे ओट्यावर पक्षकार बसवून माझी वाट बघणारी आई येते.