नाझरसाहेबांचा अशक्तपणा

घाटंजीत माझं औषधांचं दुकान होतं, तेव्हा तहसील कचेरीतली रोकड सांभाळणारे नाझर दर महिन्याला ताकदीच्या टॉनिकची एक बाटली न्यायचे. देह पैलवानाचा, आवाज तालमीतला. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायम ‘अशक्तपणा’. सरकारी नोकरांनी चिठ्ठी आणि बिल जोडलं की औषधाचे पैसे परत मिळत. मी कधी जास्त विचारलं नाही. गिऱ्हाइकाचा अशक्तपणा दुकानाला मानवतो.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि पुढे कधीतरी कचेरीत नवं परिपत्रक आलं : टॉनिकचे पैसे यापुढे मिळणार नाहीत. ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं काम नेमकं नाझरांकडेच आलं. त्यानंतर माझ्या फडताळातली एकही बाटली हलेना. महिनोन्महिने खंगत चाललेले मास्तर आणि तलाठी एका कागदाने ठणठणीत झाले.

नाझर मात्र आले. इकडेतिकडे पाहत म्हणाले, “बाटली हीच द्या, बिलावर खोकल्याचं औषध लिहा.”

“पण साहेब, तुम्हाला खोकला कुठे आहे?”

त्यांनी लगेच खोकून दाखवलं. खोकला झकास होता, पण मी हात जोडले. खोट्या बिलापायी माझा परवाना गेला असता. ते रिकाम्या हाताने परतले.

बाजाराच्या दिवशी एक वाळकी म्हातारी काठी टेकत दुकानात आली. “काहून बाप्पा, माह्या जावयाले बाटली कायले देत नाही तू?”

“कोण जावई, मावशी?”

“कचेरीतला नाझर. बाटली त मीच पेत होती! चालता येत नोयतं मले. आता पाह्य, बाजार करून राह्यली.”

सासूबाई सरकारी नियमातल्या कुटुंबात बसत नव्हत्या. म्हणून जावयाने दोन वर्षं तो अशक्तपणा स्वतःच्या अंगावर घेतला होता. मला हसू आलं आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं. मी त्यांना बाटली दिली.

संध्याकाळी नाझर पैसे घेऊन हजर. “बिल नको. म्हातारी कोणापाशी बोलली तर नाही ना?”

“फक्त माझ्यापाशी. आणि दोन तलाठी उभे होते, त्यांच्यापाशी.”

नाझर लालबुंद झाले, मग असे हसले की रस्त्यावरची बैलजोडी बिचकली. पुढे ते दर महिन्याला रोखीने बाटली नेत. त्यावर मी नफा घेतला नाही. कचेरीत मात्र त्यांना कोणी नाझर म्हणेना. सगळे म्हणायचे, ‘सासूबाईंचे साहेब.’