सज्जन व्हँपायर काय पितो

अकरावीत आमच्या वर्गाने ठरवून टाकलं होतं की इंग्रजी सिरियलमधला व्हँपायर चांगला. तो माणसांना चावत नसे. हॉस्पिटलातून रक्ताच्या पिशव्या पळवायचा आणि पिताना दुःखी दिसायचा. हिंदी सिरियलमधला लाल डोळ्यांचा, थेट मानेवर तुटून पडणारा, म्हणून गावठी. त्याला सगळ्या हसायच्या. मीही.

आई ब्लड बँकेत टेक्निशियन होती. एका रविवारी मटार सोलताना तिने तो इंग्रजी भाग पाहिला. "ती पिशवी कुणासाठी ठेवलेली होती?" तिने विचारलं.

"आई, सीरियल है बस," मी वर्गातल्या सवयीने हिंदीत म्हणाले.

पुढे वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन ठरलं. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. बदल्यात घरच्यांपैकी कुणीतरी, कुठल्याही गटाचं का असेना, रक्त द्यायचं असा नियम होता. तिचे वडील आणि भाऊ रोज जिमला जाणारे. "पापा को कमज़ोरी आ जाएगी, यार. तू आंटी से बोल दे ना," मैत्रीण म्हणाली.

मला नाही म्हणता येत नसे. मी आईला विचारलं.

"दोनच पिशव्या आहेत. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वेल्डरच्या बायकोसाठी. त्याच्या भावांनी रक्त देऊन ठेवलंय. तिच्या बापाला म्हणावं, बाही वर करून ये, मग बाहेरून मागवू."

मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. पिशव्या आहेत, किती आहेत, कुणासाठी आहेत. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांच्या ओळखीने वरून एक फोन आला आणि पिशव्या तिच्या आईसाठी गेल्या. वेल्डरच्या बायकोचं ऑपरेशन पुढे ढकललं.

आठवड्याने मैत्रीण म्हणाली, "पापा को बहुत बुरा लगा, यार. उनके घर फ्रूट्स भिजवाए हैं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. चावणाऱ्याला निदान ज्याला चावतो त्याचं तोंड बघावं लागतं. हे पिशवीवाले वाईट वाटून घेतात, फळं पाठवतात आणि चांगले ठरतात. मी तिला यातलं काहीच बोलले नाही.

घरी आईला सांगितलं, पिशव्यांचं त्यांना माझ्याकडूनच कळलं.

आई म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर वॉर्डात चल. त्या वेल्डरला तू सांग."

मी गेले नाही. पोट दुखतंय म्हणाले. मैत्रिणीच्या वडिलांवरचा राग कधीतरी ओसरला, स्वतःवरचा हा मात्र अजून तसाच आहे.