घरात इंटरनेट येईपर्यंत

आमच्या घरी इंटरनेट आलं त्या दिवशी आनंद झाला तो मला. जिच्यासाठी ते घ्यायचं ठरलं होतं, तिला तोवर त्याची गरज उरली नव्हती.

दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. नाशिक रोडला, जेल रोडवरच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. मी, बायको, चौथीतली मुलगी आणि माझी आई. अंबडच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात होतो. खरेदीतल्या माणसाला एक सवय लागते. साधे नटबोल्ट घ्यायचे तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, ती शेजारीशेजारी मांडायची, आणि मगच सही करायची. ही सवय मी घरीही आणली होती. फ्रीज घेताना मी मेन रोडपासून नाशिक रोडपर्यंतची दुकानं पालथी घातली होती, आणि तोवर उन्हाळा संपत आला होता. तरी सोसायटीतले लोक काही मोठं घ्यायचं असलं की आधी मला विचारत, आणि मला ते आवडायचं.

बायको नांदगावची. शिक्षण मराठी शाळेत, पुढे बी.एस्सी.साठी रोज रेल्वेनं मनमाडला जाऊन-येऊन. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा क्लास केला आणि कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात तिला काम मिळालं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी माहिती बोलून रेकॉर्ड करायचे. ते बोलणं हेडफोनवर ऐकून हिनं इंग्रजीत टाइप करायचं. पायाखाली पेडल असायचं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. पहिले दोन महिने ती रडकुंडीला यायची. डॉक्टर तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलतात म्हणायची. मग कान तयार झाला. कणीक मळताना ती हाडांची, औषधांची नावं पुटपुटायला लागली, आणि चुका काढणाऱ्या वरच्या मॅडम तिच्या फायली न तपासता पुढे पाठवायला लागल्या.

अशात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि पुढचे तीन-चार महिने तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. बायकोनं रजा घेतली. रजा संपली, तेव्हा त्या मॅडमनी स्वतःच मार्ग काढला. घरून काम करा म्हणाल्या. पेडल आणि हेडफोन ऑफिसचे घेऊन जा, कॉम्प्युटर तुमच्याकडे आहेच, फक्त चांगलं इंटरनेट हवं. महिनाअखेरपर्यंत कनेक्शन घेतलंत तर एक तारखेपासून फायली पाठवते.

बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा बेडरूमच्या खिडकीजवळचं टेबल तिनं आधीच रिकामं करून पुसून ठेवलेलं होतं. मी म्हणालो, "बघतो. नीट चौकशी करू."

आमच्या हातात तीन आठवडे होते.

दुसऱ्याच दिवशी केबलवाला येऊन गेला. आमच्या भागात टीव्हीची केबल त्याचीच होती, आणि नुकतंच त्यानं त्याच गच्च्यांवरून इंटरनेटची वायर फिरवायला घेतली होती. माणूस देवळाली गावाकडचा, मोकळा. त्यानं काही लपवलं नाही. "साहेब, उद्या सकाळी वायर टाकून देतो. पाऊसबिऊस आला तर बंद पडंल कधी, खोटं नाय सांगत. पण फोन करा, मी स्वतः येईन." बायको दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हणालो, कळवतो.

मग मी कामाला लागलो. लँडलाइनवर मिळणारं ब्रॉडबँड तेव्हा नवीन आलं होतं. ते सगळ्यात भरवशाचं म्हणत, पण आमच्या भागाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नव्या जोडणीला जागा शिल्लक नव्हती. अर्ज भरा, नंबर लागला की कळवू, असं सांगण्यात आलं. मी अर्ज भरला. तिसरा पर्याय एका मोबाइल कंपनीच्या वायरलेस यंत्राचा. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडे ते होतं, म्हणून रविवारी मी इंदिरानगरला त्याच्या घरी जाऊन तासभर बसलो आणि एकेक फाइल उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून घेतलं. नंतर ते यंत्र मी दोन दिवसांसाठी मागून आणलं. आमच्याकडे सिग्नल फक्त हॉलच्या खिडकीत मिळायचा, आणि तोही पडदा सरकवून यंत्र गजाला टेकवलं तर. मुलीला या सगळ्याची मजा वाटत होती. बायको मात्र आईच्या खोलीतून हॉलची खिडकी किती लांब पडेल याचा विचार करत होती, हे मला नंतर कळलं.

फोनच्या लाइनवरचं जुनं, फोन गुंतवून ठेवणारं इंटरनेट आमच्याकडे होतं. तिनं त्यावर एक फाइल उतरवून पाहिली. ती अर्ध्यात तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली.

मी आलेखाच्या कागदावर तक्ता केला. वेग, भाडं, सुरुवातीची अनामत, बंद पडण्याचं प्रमाण, तक्रार केल्यावर माणूस येईपर्यंत लागणारा वेळ. शेवटच्या रकान्यासाठी मी केबलवाल्याच्या सहा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आलो. एकाकडे चहा झाला, एकाकडे त्यांच्या मुलाच्या लग्नाचे फोटो पाहिले. लोक कौतुकानं उत्तरं देत होते आणि मी लिहून घेत होतो.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा आईचे पाय चेपता चेपता बायको मला म्हणाली, "कुठलंही एक घ्या ना. नाही चाललं तर बदलू."

मी म्हणालो की घाई केली तर पुढे दोन वर्षं पस्तावा होतो. अनामत अडकते. शिवाय लँडलाइनवाल्यांचा नंबर केव्हाही लागेल. ती पाय चेपत राहिली. आईनं मात्र कूस बदलायचा प्रयत्न करत माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात ऑडिट होतं. रोज उशीर व्हायचा. घरी आलो की मी तक्त्यात आणखी एखादा आकडा भरायचो. शनिवारी मला अर्धा दिवस मिळाला आणि सगळं जुळवून पाहिल्यावर निर्णय झाला. केबलवाला. गुणांची बेरीज त्याची सर्वांत जास्त येत होती. वाटेत थांबून मी त्याला अनामत देऊन आलो आणि जिना चढतानाच तक्ता हातात काढून ठेवला.

बायको आईला भरवत होती. मी तिला सांगितलं की सोमवारी सकाळी माणूस वायर टाकायला येतोय. तिनं वाटीतला उरलेला घास आईला दिला, तिचं तोंड पुसलं, आणि मग म्हणाली, "मी परवाच मॅडमना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा थांबा म्हणायची मला लाज वाटली. पेडल आणि हेडफोन सोमवारी परत नेऊन देते."

मी म्हणालो की मी बोलतो त्यांच्याशी, सोमवारी तर सुरू होतंय. ती नको म्हणाली. त्या जागेवर त्यांनी सिडकोतली एक मुलगी घेतली होती.

सोमवारी वायर आली. केबलवाल्यानं स्वतः भिंतीला भोक पाडलं, सिमेंटनं बुजवलं, आणि खाली पडलेला भुगा झाडून घेतला. पुढची तीन वर्षं ती वायर क्वचितच बंद पडली. त्यावर मी क्रिकेटचे स्कोअर पाहिले, मुलीनं शाळेचे प्रकल्प केले. आई वर्षभरात काठीनं चालायला लागली. बायको पुन्हा कॉलेज रोडला गेली तोवर ते ऑफिस मुंबईला हललं होतं. पुढे ती शेजारच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायला लागली. काम बरं होतं. तिथल्या कामाबद्दल घरी आल्यावर ती क्वचितच बोलायची.

पुढची काही वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मला सवयच तशी, त्यात ऑडिट आडवं आलं. ते पुरतं खरं नाही. आईचं ऑपरेशन झालं त्या दिवशीची एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याशी बोलू लागले. बायकोनं मध्ये एक प्रश्न विचारला. त्यातला डॉक्टरी शब्द ऐकून ते तिच्याकडे वळले आणि पुढची दहा मिनिटं तिच्याशीच बोलत राहिले. आई माझी, आणि मी एक्स-रेचं पाकीट धरून बाजूला उभा. नंतर तिनं मला सगळं समजावून सांगितलं, अगदी सोपं करून. मला त्या सोपं करण्याचाही राग आला होता. नोकरी करू नकोस असं म्हणण्याइतका मी जुन्या वळणाचा नव्हतो, किंवा तसं दिसायची मला भीती होती. म्हणून मी चौकशी करत राहिलो. चौकशी करणाऱ्या माणसाला कोण नावं ठेवणार?

हे मी तिला सांगितलं ते चार वर्षांनी. नांदगावला तिच्या भावाकडे जायचं होतं, गाडी लेट होती, आणि नाशिक रोडच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. डॉक्टरांची गोष्टही सांगितली. माझं चुकलं म्हणालो.

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तेव्हाच तोंडावर नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं. मी भांडले असते. तुम्ही रोज संध्याकाळी माझ्यासाठीच तर राबत होतात. भांडणार कशी?"

गाडीची घोषणा झाली, तशी तिनं दोन्ही पिशव्या उचलल्या. एक माझ्याकडे दे म्हणालो, तर जड नाही म्हणाली. डब्यात खिडकीजवळ जागा मिळाली. मनमाड गेल्यावर तिनं भावाच्या घराबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि नांदगाव येईपर्यंत आम्ही त्याच्याबद्दलच बोलत राहिलो.