नाल्यावरची मोहरी

युद्ध संपलं आणि लष्कराच्या टाकून दिलेल्या जिपा अमरावतीत विकायला आल्या. कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात त्या रांगेनं उभ्या होत्या, बॉनेटवरचा पांढरा तारा खरवडून काढलेल्या. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, त्यांतली एक घ्यायला गेलो ते हौसेपोटी नव्हे. आमच्या गावापासून सडकेपर्यंतची वाट काळ्या मातीतून जायची आणि मध्ये नाला होता. दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस झाला, तेव्हा त्या नाल्यापाशी दादाची बायको, आमची वहिनी, बाळंतपणाला नेताना बैलगाडीतच गेली. चाकं आसापर्यंत रुतली होती. पोटातलं मूलही वाचलं नाही. माझ्या बायकोला तेव्हा सहावा महिना होता.

विकणारा इंजिनाचं कौतुक सांगू लागला. दादानं त्याला तोडलं. "समोरचे चाकंबी वढते का, तेवढं सांग." त्या माणसानं पुढच्या चाकांना जोर देणारी वेगळी दांडी दाखवली. दादा वाकून गाडीखालून आरपार बघत राहिला. मग म्हणाला, "घे."

मी चालवायला शिकलो, म्हणजे दोन बाभळी आडव्या केल्या, आणि गाडी घरी आणली. अमेरिकन लष्कराची गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डाव्या हाताला. दादा मागे बसलेला. ओट्यावरून आमच्या म्हाताऱ्या आत्याला गाडीची उजवी बाजू दिसली, जिथं एरवी चालवणारा बसतो, आणि ती जागा रिकामी होती. ताडपत्रीच्या सावलीत मी तिला दिसलोच नाही. गाडी आपली आपण अंगणात आली असं तिनं पाहिलं. ती ओरडली नाही, पदर तोंडाला लावून आत गेली. त्यानंतर त्या जागेवर घरातलं कोणी बसेना.

बाळंतपणात गेलेली बाई घराकडे परत येते अशी आमच्याकडे समजूत. म्हणून मसणातून परतताना वाटेवर मोहरी टाकतात. तिनं ते दाणे वेचत बसावं आणि तेवढ्यात उजाडावं. वहिनीला नाल्याकाठी अग्नी दिला, तेव्हा नाल्यापासून वेशीपर्यंत टाकायला आत्यानं मोहरी दिली, पण घाईत ती भाजायची राहिली. कच्चे दाणे, खाली आमची काळी जमीन, वर ओल. पौषात वाटेच्या कडेनं पिवळीधम्मक ओळ फुलून उभी राहिली. तिचं पानही कोणी खुडलं नाही. गाय तोंड घालायला गेली की गुराखी तिला हाकलायचा. वारा नसताना मोहरी हलते असं बायका म्हणायच्या. असल्या बोलण्याची मला चीड होती, पण तिथून जाताना मीही दुसरीकडे बघायचो.

"आता तिचं वेचनं काई सरत नाई," आत्या एकदा जेवताना समाधानानं म्हणाली. दादा भरल्या ताटावरून उठला.

पौषातच अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोला कळा सुरू झाल्या. मी तिला पुढे बसवू लागलो. "मी मांगं बसतो. तिथं नोका बसवू," ती म्हणाली. दादा तिला धरून मागे बसला. नाला समोर दिसू लागला आणि गाडी हिसडून रुतली. इंजिनही बंद पडलं.

स्वच्छ ऊन होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. वारा नव्हता आणि मोहरी हलत होती. बायकोनं कळ दाबून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. वहिनीला ती 'बाई' म्हणून हाक मारायची. घरात बोलावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "बाई, मले जाऊ द्या."

दादा उतरला. चाकांखाली घालायला जवळपास काटकीसुद्धा नव्हती. त्यानं मोहरीला हात घातला.

"दादा, नोको!" मी ओरडलो. समजुतींची चीड असणारा मी!

त्यानं ऐकलं नाही. झुबक्यांवर झुबके उपटून चारही चाकांखाली कोंबत राहिला. "झालं तुयं वेचून," तो पुटपुटत होता. "चाल आता घरी." मग तो मागे जाऊन रेटायला लागला. मी इंजिन चालू करून पुढच्या चाकांची दांडी ओढली. चिरडलेल्या मोहरीचा उग्र वास नाकात गेला आणि गाडी अशी हलकी निघाली की मला भीतीच वाटली.

अमरावतीच्या दवाखान्यात दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मला हसू आणि रडू एकदम आलं. दादा व्हरांड्यात बसला होता, कोपरापर्यंत चिखल वाळलेला.

"ढकलतानी माह्या हाताजवळ तिचा हात होता," तो म्हणाला. "गरम होता." मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "ती घरी आली असती, त तू दार लावलं असतं?"

लावलं असतं. ते मला त्याला सांगवलं नाही.

आम्ही घरी परतलो त्या रात्री दादानं घराचं दार उघडंच ठेवलं. बाहेर कडाक्याची थंडी. घरात ओली बाळंतीण आहे म्हणून आत्या कडी लावायला उठली, मीही तिच्यामागे गेलो.

"राहू द्या, आत्याबाई," बायको अंथरुणावरून म्हणाली. तिनं लेकीच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं. "बाईनं अजून इले पाह्यलं नाई."